निदानाखाली सही हवी : मोटार कंपन्यांच्या सेवा विभागप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
मोटारनिर्मात्या कंपन्यांच्या विक्रीपश्चात सेवा विभागांचे प्रमुख
आणि त्यांच्या अधिकृत सेवाकेंद्रांचे चालक यांस

विषय : ग्राहकाची तक्रार, कारागिराचे निदान आणि प्रत्यक्ष झालेले काम जॉब कार्डावर (सेवाकेंद्रातल्या कामाच्या नोंदपत्रावर) लेखी नोंदवण्याबाबत

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

मी मिरजेचा रहिवासी असून सार्वजनिक बांधकाम विभागातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये मी एक पेट्रोल हॅचबॅक गाडी घेतली, जादा पैसे भरून तिची वॉरंटी पाच वर्षांपर्यंत वाढवून घेतली आणि त्या पाच वर्षांत अधिकृत सेवाकेंद्राबाहेरच्या कोणालाही तिला हात लावू दिला नाही. त्या गाडीच्या एका साध्या बिघाडापायी सात महिन्यांत मला जे अनुभव आले, ते मी आपल्यापुढे मांडत आहे. कंपनीचे आणि सेवाकेंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही. या काळात नात्यातल्या आणि ओळखीच्या ज्या ज्या गाडीवाल्यांशी बोलणे झाले, त्यांच्या गाड्या निरनिराळ्या कंपन्यांच्या होत्या. तरी प्रत्येकाने सांगितलेली हकीकत माझ्याच हकिकतीची सख्खी बहीण निघाली. त्यामुळे हे पत्र आपणा सर्वांसाठी आहे.

जुलै २०२४ मधली गोष्ट. पावसाळ्याने रस्त्यांची चाळण केली होती आणि गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूने आवाज येऊ लागला. गतिरोधकावरून किंवा खड्ड्यातून सावकाश जाताना ‘खट्’ असा एकच ठोका पडे; वेगात गेले की तो ऐकू येत नसे; गाडी रात्रभर उभी असली की सकाळच्या पहिल्या वळणावर तो हमखास येई. हे मी सेवाकेंद्रातल्या सर्व्हिस ॲडव्हायझरला असेच, याच क्रमाने सांगितले. तो तरुण नम्र होता, मान डोलावत होता आणि हातातल्या टॅबवर काहीतरी टिपत होता. टिपून झाल्यावर त्याने टॅब पुढे केला आणि मी बोटाने सही केली. त्या जॉब कार्डावर ‘जनरल चेकअप आणि वॉशिंग’ एवढेच इंग्रजीत लिहिले होते, हे मला पुढे सहा महिन्यांनी कळले. नोकरीत वाचल्याशिवाय एकाही कागदावर सही न करणाऱ्या माणसाने ही सही न वाचता केली, हा माझा दोष आहे आणि तो मी मान्य करतो. पण सकाळी साडेनऊ वाजता, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना, तळहाताएवढ्या पडद्यावरची इंग्रजी यादी वाचून मग सही करणारे किती ग्राहक आपल्याकडे येतात, याचा विचार आपणही करावा.

त्या दिवशी संध्याकाळी गाडी धुऊन परत मिळाली. “स्कॅनर लावून बघितला सर, काही एरर नाही,” असे मला सांगण्यात आले. इंजिनाची, ब्रेकची किंवा एअरबॅगची विद्युत यंत्रणा बिघडली तर गाडीच्या संगणकात त्याची खूण उमटते. लोखंडावर लोखंड आपटल्याची खूण उमटत नाही, कारण तिथे कोणताही सेन्सर बसवलेला नसतो. खट् असा आवाज शोधायचा तर गाडी जॅकवर चढवावी लागते, टॉमी (लोखंडी पहार) लावून एकेक सांधा हलवून पाहावा लागतो, आणि त्याआधी ग्राहकाला शेजारी बसवून खराब रस्त्यावरून एक चक्कर मारावी लागते. ती चक्कर चारपैकी एकाही खेपेला झाली नाही.

सप्टेंबरमध्ये दुसरी खेप झाली आणि सस्पेन्शनचे दोन्ही लिंक रॉड बदलले गेले. आवाज थोडा कमी झाल्यासारखा वाटला आणि दहा दिवसांत पूर्ववत झाला. नोव्हेंबरात वॉरंटी संपली. डिसेंबरमधल्या तिसऱ्या खेपेला डावा लोअर आर्म, म्हणजे चाकाला जागेवर धरणारा खालचा दांडा, बदलावा लागेल असे सांगण्यात आले. मी होकार दिला. सुट्या भागांवर तेव्हा लागू असलेला २८ टक्के आणि मजुरीवरचा १८ टक्के जीएसटी धरून व्हील अलाइनमेंटसह ११,३४० रुपयांचे बिल झाले. बदललेला जुना भाग मी मागितला. तो ‘स्क्रॅपला गेला’ असे उत्तर मिळाले.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी, माझी पत्नी आणि सात वर्षांची नात असे तिघे आंबा घाटाने रत्नागिरीला गेलो आणि चार दिवसांनी त्याच घाटाने परत आलो. उतारावर ब्रेक दाबला की डावीकडून आता एकाऐवजी दोन ठोके येत होते. नवा भाग बसायला थोडा वेळ लागत असेल, असे मी स्वतःला आणि पत्नीला समजावले. या प्रवासाचा उल्लेख मी का करत आहे, ते पुढे येईल.

जानेवारी २०२५ मध्ये चौथी खेप. संध्याकाळी फोन आला : स्टिअरिंग रॅक (चाके वळवणारी दांडी) बदलावी लागेल, अंदाजे खर्च ४६,८०० रुपये. मी विचारले की रॅक तर वॉरंटीत येते आणि आवाजाची तक्रार मी जुलैपासून, म्हणजे वॉरंटीच्या काळापासून करतो आहे. मग हा खर्च माझ्यावर कसा? दुसऱ्या दिवशी मला संगणकावरच्या नोंदी दाखवण्यात आल्या. जुलै : जनरल चेकअप. सप्टेंबर : लिंक रॉड बदलले. आवाजाची तक्रार कोठेही नव्हती. “सिस्टीममध्ये कम्प्लेंट नाही सर, त्यामुळे कंपनी क्लेम पास करणार नाही.” मी तोंडाने सांगितलेले सात महिन्यांचे बोलणे कागदावर नव्हते, म्हणून ते झालेच नव्हते.

मी मग रॅकमधला दोष प्रत्यक्ष दाखवण्याची विनंती केली. सुरक्षेच्या कारणास्तव ग्राहकांना वर्कशॉपमध्ये सोडता येत नाही, असे सांगण्यात आले. ज्या कारागिराने हे निदान केले त्याच्याशी दोन मिनिटे बोलू द्या, असे म्हटले, तर तो कोण हे ॲडव्हायझरलाच माहीत नव्हते. सेहेचाळीस हजारांच्या कामाचा निर्णय एका अनामिक माणसाच्या तोंडी शब्दावर मी घ्यायचा होता. मी गाडी परत घेतली.

मिरज स्टेशनच्या बाजूला एका मिस्त्रींचे छोटे गॅरेज आहे. तीसेक वर्षे ते हेच काम करतात. त्यांच्याकडे स्कॅनर आहे, पण त्यांनी तो बाहेर काढला नाही. आधी मला शेजारी बसवून त्यांनी गाडी रेल्वे फाटकाकडच्या खराब रस्त्यावरून फिरवली. परत आल्यावर गाडी गॅरेजातल्या तपासणीच्या खड्ड्यावर घेतली, स्वतः खाली उतरले, मुलाला ब्रेक दाबून धरायला आणि गाडी पुढे-मागे हलवायला सांगितले, आणि मला हाक मारली. “काका, आवाज ऐकू नका. इथं हात ठेवा.” मी खाली उतरून लोअर आर्मच्या मागच्या बुशवर, म्हणजे सांध्यातल्या रबरी तुकड्यावर, तळहात टेकवला. वर गाडी जेमतेम वीतभर हलली आणि हाताखाली दांडा सरकून आपटल्याचा ठोका मला कोपरापर्यंत जाणवला. त्यांनी बॅटरीचा झोत टाकला. बोल्टाच्या डोक्याखाली गोल घासल्याची चकाकी होती. बाकीचा भाग धुळीने मळलेला आणि मधोमध ती नव्या नाण्यासारखी कडी. त्यांनी रिंग पाना लावला आणि जोर न देता पाना पाऊण फेरा फिरला. “बोल्ट बसवलाय, पण आवळलेला नाही,” ते म्हणाले.

त्यांनी मला त्यामागचे कारणही समजावून सांगितले आणि मी ते नंतर पडताळून पाहिले. लोअर आर्मच्या टोकांना रबराचे बुश असतात. गाडी लिफ्टवर लटकलेली असताना हे बोल्ट पूर्ण आवळले, तर गाडी खाली आल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो आणि बुश लवकर फाटतात. म्हणून लिफ्टवर बोल्ट हातासरशी बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, तिचे वजन सस्पेन्शनवर पडू द्यायचे आणि मग टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाला आवळायचे, अशी पद्धत आहे. माझ्या गाडीच्या बाबतीत पहिला टप्पा शिस्तीने पार पडला होता. दुसरा राहून गेला. दिवस मावळताना गाडी लिफ्टवरून उतरवली असेल, मागची गाडी चढवायची घाई असेल, आणि ज्याने बोल्ट बसवला त्याच्याऐवजी दुसऱ्याने गाडी बाहेर नेली असेल. मी त्या कारागिराला दोष देत नाही. मिस्त्रींनी बोल्ट आवळून झाल्यावर त्याच्या डोक्यापासून खालच्या पत्र्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. बोल्ट ढिला झाला तर रेघ तुटते, आवळला गेला होता हे रेघेवरून कळते. “शोरूमच्या कामात ही खूण कुठं आहे?” एवढेच त्यांनी विचारले. त्यांनी तीनशे रुपये घेतले. आवाज थांबला तो आजतागायत थांबलेला आहे. रॅक जुनीच आहे.

जुलैतला मूळ आवाज कशाचा होता, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. कदाचित जुन्या लोअर आर्मचा बुश खरोखर गेलेला असेल आणि डिसेंबरातले निदान बरोबरही असेल. जुना भाग माझ्या हाती दिला असता तर ते कळले असते. पण लोअर आर्म हा चाक जागेवर धरून ठेवणारा भाग आहे. तो सैल बोल्टावर लटकत असताना मी सात वर्षांच्या मुलीला मागच्या सीटवर बसवून आंबा घाट दोनदा ओलांडला. हे कळले त्या रात्री मला झोप लागली नाही आणि या पत्राची पहिली ओळ त्याच रात्री लिहिली गेली.

मी सेवाकेंद्राच्या व्यवस्थापकांना भेटून सर्व सांगितले. ते सभ्यपणे वागले, तोंडी क्षमा मागितली आणि डिसेंबरच्या बिलाची पूर्ण रक्कम परत केली. मी मागितले होते ते वेगळेच होते : बोल्ट सैल राहिला होता, अशी एक ओळ माझ्या गाडीच्या नोंदींत लिहा. ती त्यांनी लिहिली नाही. परताव्याच्या कागदावर कारण म्हणून ‘गुडविल’, म्हणजे सदिच्छा, हा शब्द आहे. कंपनीच्या ग्राहक कक्षाकडे पाठवलेल्या ईमेलला उत्तर आले की आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली निघाली असून ती बंद करण्यात येत आहे. म्हणजे तक्रार नोंदली गेली नाही, निदान नोंदले गेले नाही, आणि शेवटी चूकही नोंदली गेली नाही. पैसे परत मिळूनही मी हे पत्र लिहितो आहे ते यासाठी.

माझ्या खात्यात एक मोजमाप पुस्तिका असे. जागेवर झालेले प्रत्येक काम मोजून तिच्यात उतरवायचे, मोजणाऱ्याने सही करायची, वरिष्ठाने तपासून सही करायची, आणि त्या नोंदीशिवाय ठेकेदाराला एक रुपयाही द्यायचा नाही, असा नियम. त्यातही पायासारख्या, मातीखाली किंवा काँक्रीटखाली कायमच्या झाकल्या जाणाऱ्या कामांबाबत नियम अधिक कडक होता : ते झाकण्याआधी मोजायचे आणि झाकण्याआधीच तपासायचे. एकदा वर माती पडली की खाली किती खोदले होते आणि किती गज टाकले होते, हे केवळ शब्दावर राहते. आमच्या खात्यात गैरप्रकार झाले नाहीत असा दावा मी करणार नाही. पण गैरप्रकार झाला तर तो कोणाच्या सहीने झाला, हे त्या पुस्तिकेमुळे वीस वर्षांनीही शोधता येत असे. गाडीखालचे काम हे ग्राहकाच्या दृष्टीने असेच झाकले जाणारे काम आहे. तो खाली वाकून पाहू शकत नाही, वाकला तरी त्याला कळत नाही, आणि आपण त्याला आत येऊ देत नाही. अशा कामाची नोंद अधिक काटेकोर हवी. आपल्याकडे ती सर्वांत ढिली आहे.

माझ्या पत्नीच्या तंबोऱ्याच्या भोपळ्याला मागे तडा गेला होता. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या कारागिराने काम हाती घेण्याआधी तिचे बोट त्या तड्यावरून फिरवून तो कुठून कुठपर्यंत गेला आहे हे दाखवले, आणि त्याने आवाजाला धक्का नाही, हेही सांगितले. तोच विश्वास मला मिस्त्रींच्या खड्ड्यात मिळाला. सात महिने मी ज्या वातानुकूलित दालनात बसून चहा घेत होतो, तिथे तो मिळाला नाही.

असे का होते, याचा मी माझ्यापरीने शोध घेतला. आपल्या पद्धतीत मजुरी बहुतेक ठरावीक कामांच्या ठरावीक तासांवर आकारली जाते : अमुक भाग बदलायला इतका वेळ, तमुक भाग बदलायला इतका. बदलण्याला दर आहे. शोधण्याला दर नाही, किंवा असला तरी नगण्य आहे. ज्या कारागिराने दोन तास खर्चून ‘काहीही बदलण्याची गरज नाही, एक बोल्ट आवळला’ असे सांगितले, त्याच्या त्या दोन तासांचे मोल आपल्या हिशेबात कुठे दिसते? उलट ज्याने अंदाजाने तीन भाग बदलले, त्याचे काम बिलावर भरघोस दिसते. मग अंदाज हेच निदान होते आणि ग्राहकाच्या खर्चाने एकेक शक्यता तपासली जाते. माझे म्हणणे असे की, निदानाचे पैसे आपण उघडपणे घ्या. डॉक्टर तपासणीचे पैसे घेतात आणि आम्ही ते देतो. हजार रुपये तपासणीचे आणि हातात लेखी, सहीचे निदान, हा व्यवहार मला ११,३४० रुपयांच्या अंदाजापेक्षा कितीतरी न्याय्य वाटतो.

दुसरे कारण ॲडव्हायझर या पदाच्या रचनेत आहे. ग्राहक आणि कारागीर यांची गाठ कधीच पडत नाही. दोघांमध्ये हा एकच माणूस असतो आणि त्याच्याकडे एका दिवसात कितीतरी गाड्या असतात. आवाजाचे वर्णन त्याच्या कानातून टॅबवर, टॅबवरून एखाद्या तयार यादीतल्या शब्दावर आणि तिथून कारागिराकडे जाते. ‘सकाळच्या पहिल्या वळणावर येतो’ हा सर्वांत मोलाचा धागा त्या यादीत बसत नाही म्हणून गळून पडतो. शिवाय याच माणसाने थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन फ्लशिंग, एसीचे निर्जंतुकीकरण, अंडरबॉडी कोटिंग यांची विक्रीही करायची असते. गाडी देताना मला प्रत्येक वेळी या चार गोष्टींची आठवण न चुकता करून देण्यात आली; आवाजाबद्दल मात्र मलाच आठवण करून द्यावी लागली. आणि गाडी परत नेताना तोच मुलगा अजिजीने म्हणतो, “सर, कंपनीकडून फोन येईल, दहापैकी दहा सांगा, नाहीतर माझा इन्सेंटिव्ह कापतात.” मी दोनदा दहा सांगितले आहेत. त्या मुलाच्या पगाराचा प्रश्न होता. आपल्या मुख्यालयात जे समाधानाचे आकडे पोहोचतात, त्यांत माझे हे दोन दहा आहेत, आणि त्या दोन्ही दिवशी माझ्या गाडीतून आवाज येत होता.

कायदा या बाबतीत मुका नाही. २० जुलै २०२० पासून अमलात आलेला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, सेवेतील त्रुटीची व्याख्या करताना ग्राहकाला द्यायला हवी ती माहिती जाणूनबुजून दडवणे हीदेखील त्रुटीच मानतो. ग्राहकाला आता आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात शुल्कही पडत नाही. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही दाद मागता येते. परंतु आयोगापुढे उभे राहिल्यावर ग्राहकाने पुरावा म्हणून काय दाखवायचे? जॉब कार्ड. ते लिहितो कोण? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच. ‘जनरल चेकअप’ या दोन शब्दांवर कोणता आयोग कोणाला न्याय देऊ शकेल?

२०११ मध्ये एका ग्राहकाने केलेल्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणे हा त्यातला मुख्य आक्षेप होता. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही त्या आदेशात होते. आदेशाविरुद्ध अपिले झाली, हे मी जाणतो. तरीही ‘बाहेर हात लावला तर वॉरंटी जाईल’ हे वाक्य आजही गाडी विकताना ऐकवले जाते आणि पाच वर्षे मी त्याच धाकाने मिस्त्रींकडे गेलो नाही. जुलैतच गेलो असतो तर? जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल आणि घरगुती उपकरणे यांच्याबरोबर मोटारगाड्यांचाही समावेश केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी पोर्टलही सुरू केले. हक्काची चर्चा सुरू झाली, याचे मला समाधान आहे. मात्र भाग कुठेही मिळाला आणि गाडी कुठेही दुरुस्त करता आली, तरी काय बिघडले होते आणि काय केले गेले याचा खरा कागद हाती नसेल, तर तो हक्क अर्धाच राहतो.

आपल्या स्वतःच्या हितासाठीही हा कागद महत्त्वाचा आहे, असे एक अभियंता म्हणून मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या सुधारणेने सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद आली आणि ठरावीक प्रमाणात मालकांकडून एकाच दोषाच्या तक्रारी आल्यास सरकार तसा आदेश देऊ शकते. एखाद्या मॉडेलचे बुश तीन वर्षांतच फाटत असतील, तर ते सर्वांत आधी आपल्या कारखान्यातल्या अभियंत्यांना कळायला हवे. चाकण-रांजणगावात गाडी जुळवणाऱ्या माणसाला मिरजेतल्या खड्ड्यांत तिचे काय होते, हे सांगणारा दुसरा मार्ग नाही. पण देशभरातल्या जॉब कार्डांवर ‘जनरल चेकअप’च लिहिले जात असेल, तर आपण स्वतःच आपले कान झाकून घेत आहात.

माझे मागणे फार मोठे नाही आणि त्यासाठी नवी यंत्रसामग्रीही लागत नाही. ग्राहक जी तक्रार सांगतो ती त्याच्याच शब्दांत, महाराष्ट्रात तरी मराठीत, लिहून घेतली जावी आणि तिची प्रत सही घेण्याआधी वाचायला मिळावी. तयार यादीतला शब्द हवा असेल तर तो त्याखाली खुशाल टाकावा, पण मूळ वाक्य पुसले जाऊ नये. आवाज, थरथर किंवा ओढ यांसारख्या तक्रारीत ग्राहकाला शेजारी बसवून एक चक्कर मारल्याशिवाय गाडी आत घेऊ नये. निदान ज्याने केले त्या कारागिराचे नाव आणि सही निदानाखाली असावी, आणि ‘असे वाटते’ व ‘असे पाहिले’ यांतला फरक त्यात स्पष्ट लिहिलेला असावा. अंदाजच असेल तर अंदाज म्हणून लिहावे, त्यात कमीपणा नाही. बदललेला भाग मागण्याची वाट न पाहता गाडीबरोबर द्यावा. वॉरंटीतला भाग कंपनीला परत पाठवावा लागतो हे मला समजते. अशा वेळी त्याचे छायाचित्र द्यावे. ग्राहकाला वर्कशॉपमध्ये येऊ देणे धोक्याचे वाटत असेल, तर आज प्रत्येक कारागिराच्या खिशात फोन आहे. सैल सांधा हलवून दाखवणारी दहा सेकंदांची चित्रफीत पुरेशी आहे. काही केंद्रे अशी चित्रफीत पाठवू लागली आहेत, असे ऐकतो, आणि ते खरे असेल तर मी त्यांचे मनापासून अभिनंदन करतो.

सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि ब्रेक यांच्या प्रत्येक कामानंतर, गाडी चाकांवर उतरवल्यावर, बोल्ट कोणत्या मापाला आवळले आणि कोणी आवळले याची नोंद झालीच पाहिजे, आणि बोल्टवर रंगाची रेघ ओढली गेलीच पाहिजे. बाकीच्या मागण्यांवर चर्चा होऊ शकते. या एका मागणीवर होऊ नये. एक ब्रश आणि रंगाची एक डबी एवढाच त्याचा खर्च आहे.

आणि चूक झाली तर ती चूक म्हणून लिहावी. कारागीर माणूसच आहे, त्याच्या हातून बोल्ट राहू शकतो. माझ्या देखरेखीखालच्या कामांतही उणिवा राहिल्या आहेत आणि त्या मोजमाप पुस्तिकेत माझ्याच अक्षरात नोंदलेल्या आहेत. ‘गुडविल’ या शब्दाखाली झाकलेली चूक पुढच्या गाडीच्या वेळी कोणाला दिसणार? त्याच लिफ्टवर, त्याच घाईच्या वेळी, तोच बोल्ट पुन्हा राहील, आणि ती गाडी कोणत्या घाटात असेल हे कोणाला सांगता येणार नाही.

माझ्या गाडीची पुढची सर्व्हिसिंग जवळ आली आहे. गाडी मी त्याच केंद्रात नेणार आहे, कारण तिथल्या माणसांशी माझे वैर नाही आणि इंजिनाचे काम ते चांगले करतात, असा माझा अनुभव आहे. या वेळी माझी तक्रार मी घरूनच एका कागदावर मराठीत लिहून नेणार आहे. तो कागद जॉब कार्डाला जोडून घ्यावा, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच द्यावी, आणि संध्याकाळी गाडी परत करताना ज्यांनी ती पाहिली त्या कारागिराची त्याखाली सही असावी, एवढी सूचना आपण आपल्या केंद्रांना द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक ग्राहक
मिरज, जि. सांगली